बेरीज

केमीत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लावावे लागतात.
ताइस्तो कार्प्पा आला तो दारात बूट काढून,
दोन पायांत दोन रंगांचे मोजे,
आणि बसायच्या आत म्हणाला,
मुलीनं पाठवलंय. मला काही झालेलं नाही.

मी कागद सरकवला. नऊ प्रश्न.
प्रत्येकापुढे चार घरं : कधीच नाही, कधीकधी,
बऱ्याचदा, जवळजवळ नेहमीच.
शून्य, एक, दोन, तीन.
चष्मा विसरलोय, म्हणाला. तुम्हीच वाचा.

गेल्या बारा महिन्यांत, मी वाचलं,
परवडेल त्याहून जास्त पैसे लावलेत का?

परवडणं म्हणजे नेमकं काय?
कागदाची गिरणी चालू होती तेव्हा मला बोट परवडायची.
आता सॉसेज घेताना किलोचा भाव वाचतो.
लिहा, बऱ्याचदा.

हरलेले परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात?

दुसऱ्या दिवशी कशाला, तो हसला,
दुकान नऊपर्यंत उघडं असतं.
मशीन तिथंच, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी,
दूध आणायला जाताना एकदा, घेऊन येताना एकदा.
रिकाम्या बाटल्या परत केल्या की चिठ्ठी मिळते,
चार युरो चाळीस,
ती मोडायची, आणि पाच पावलं.
पाचच. मोजलीत मी.

काही विकलंत?

इथे तो खिडकीकडे बघत राहिला.
बाहेर बर्फ ओढणारी गाडी मागे येत होती,
टीं टीं टीं.
बोटीचं इंजिन, शेवटी म्हणाला.
बोट आहे अजून.
नुसती बोट.

हे हाताबाहेर गेलंय असं कधी वाटलं?

कधीच नाही.
इतक्या चटकन, की माझं पेन मागे राहिलं.

मग झोप. मग मुलीचं बोलणं, जावयाचं न बोलणं,
मग जानेवारीचं विजेचं बिल.
अपराधी वाटतं का, या शेवटच्याला
तो बोललाच नाही. तीन बोटं वर केली.

मी बेरजेला लागले तसा म्हणाला, थांबा, सांगू नका.
अठरा.
लावता? एक कॉफी.

आणि त्या तासात पहिल्यांदाच
माणूस खोलीत आला. पाठ ताठ, डोळ्यांत पाणी चमकावं तसं काही.
अकरा वर्षं मी या खुर्चीत बसते,
मागच्या भिंतीवर मदतीच्या फोनचं पोस्टर,
आणि मी म्हटलं, लावली.

अठराच होती.

जिंकलो! त्यानं टेबलावर थाप मारली,
माझी पेनं उडाली.
आठाच्या पुढे गेलं की काय समजावून सांगायचं
ते मला तोंडपाठ आहे.
पण मी कॉफी आणायला गेले.
साखर किती, विचारलं.
त्यानं सावकाश प्यायली, जिंकलेली माणसं पितात तशी,
मग मी सगळं सांगितलं, त्यानं मान हलवली,
पुढची वेळ मंगळवारची घेतली, गेला.

कॉरिडॉरमध्ये बूट घालण्याचा आवाज. मग काहीच नाही.
मग दार.

मूठ पुढे केली, झाकलेली, सव्वा लाखाची असावी इतकी घट्ट.
उघडली तर दोन युरो,
क्लाउडबेरीचं चित्र वर.

पाचवा बदला, म्हणाला. तीन करा.
एकवीस होतात.
हरलो मी. कॉफीचे घ्या.

नको म्हणायला हवं होतं का, माहीत नाही. घेतले.
शून्यावर तीन नीट लिहिता येत नाही,
शून्याचं पोट बाजूनं दिसत राहतं.

मग खिडकीतून तो दिसला, टोपी कानांवर ओढलेली.
उजवीकडे बसथांबा. समोर दुकान,
त्याच्या दारातला पिवळा उजेड बर्फावर पार रस्त्यापर्यंत सांडलेला.
तो कुठे वळेल यावर
मी मनातल्या मनातसुद्धा काही लावलं नाही.